पापाची कबुली

कशेडीचा घाट आपल्यापैकीं पुष्कळांनीं ओलांडला असेल. मुंबईहून गोव्याकडे निघालेला प्रवासी पोलादपूर मागें टाकतो आणि वळणें घेत घेत खेडच्या अंगास उतरतो, तोच हा घाट. आतां डोंगराच्या पोटांतून बोगदा झाला आहे, त्यामुळें पुष्कळांस घाट दिसतहि नाहीं. ह्या घाटाच्या कुशींतलें कशेडी हें माझें गांव. मॅट्रिक होऊन मीं शिक्षकाची नोकरी धरली आणि पोलादपूर-महाडच्या ह्याच मुलखांत ती पुरी केली. इतिहासाचा मी वाचक आहें, पंडित नव्हे. शिवाय मी ख्रिस्ती नाहीं. असें असतां ख्रिस्ती धर्मांतील पापाच्या कबुलीचा इतिहास सांगण्यास मी कां बसलों, हें आधीं सांगितलें पाहिजे.

चाळीस वर्षांपूर्वींची गोष्ट. माझ्याकडे चौथीचा वर्ग होता. शिष्यवृत्तीच्या परीक्षेची फी मुलांनीं आणून दिली होती व ती मीं टेबलाच्या खणांत ठेवली होती. मधल्या सुटीनंतर मोजून पाहतों तों पंचवीस रुपये कमी. त्या वर्गांत एक मुलगा असा होता कीं, तो कधीं डबा आणीत नसे; म्हणून सुटींत तो बाहेर न जातां वर्गांतच बसून राही. माझा संशय त्याच्यावर गेला. प्रथम तो 'नाहीं' म्हणाला. मग मीं छडी घेतली. चौथ्या कीं पांचव्या छडीला तो म्हणाला, "होय गुरुजी, मींच घेतले." साऱ्या वर्गानें तें ऐकलें. सत्य बाहेर काढल्याच्या समाधानांत मी घरीं गेलों.

दहा-बारा दिवसांनीं हजेरीपटाच्या पुठ्ठ्यास घातलेल्या तपकिरी कागदाच्या घडींत ते पंचवीस रुपये मला सांपडले. मींच ते तेथें ठेवले होते आणि विसरलों होतों. दुसऱ्या दिवशीं वर्गांत मीं एवढेंच सांगितलें कीं, पैसे मिळाले. चूक माझी होती, हें मीं सांगितलें नाहीं. वर्गानें माझ्या वाक्याचा अर्थ आपल्या परीनें लावला : चोरानें पैसे आणून दिले. वर्ष संपलें, तो मुलगा पुढच्या शाळेंत गेला. 'कबुली' हा शब्द मात्र माझ्या मनांत कांट्यासारखा राहिला. सेवानिवृत्तीनंतर सवड मिळाली तेव्हां मीं ह्या शब्दाचा माग काढूं लागलों, आणि तो माग मला ख्रिस्ती धर्माच्या इतिहासाकडे घेऊन गेला. कारण कबुलीविषयीं त्या धर्मानें जितका विचार केला आहे, आणि कबुलीच्या बाबतींत त्याच्या अनुयायांच्या हातून जितक्या चुका झाल्या आहेत, तितक्या क्वचितच दुसरीकडे पाहावयास मिळतील.

आपल्या धर्मशास्त्रासहि कबुली अपरिचित नाहीं. प्रायश्चित्ताच्या विचारांत पश्चात्तापाप्रमाणेंच ख्यापनालाहि, म्हणजे आपलें पाप आपल्या मुखानें बोलून दाखविण्यालाहि, स्थान आहे. आमच्या संतांनीं तर देवापुढें स्वतःस पतित म्हणविण्यांत कधीं संकोच केला नाहीं. ख्रिस्ती धर्मानें ह्या गोष्टीला नित्याच्या आचाराचें रूप दिलें. प्रारंभींच्या शतकांत मोठें पाप करणारा मनुष्य साऱ्या मंडळीदेखत प्रायश्चित्त घेई. पुढें आयर्लंडांतील मठवासी साधूंच्या प्रभावानें एकट्या धर्मगुरूच्या कानांत पाप सांगण्याची चाल पश्चिम युरोपांत पसरली. इ. स. १२१५ मध्यें रोम येथें भरलेल्या लॅटरन परिषदेनें असा नियम केला कीं, जाणत्या वयाच्या प्रत्येक ख्रिस्ती मनुष्यानें वर्षांतून निदान एकदां तरी पापनिवेदन केलेंच पाहिजे. ऐकणाऱ्या धर्मगुरूवरहि तितकेंच कडक बंधन होतें. ऐकलेलें त्यानें कोणालाहि, कसल्याहि प्रसंगीं सांगावयाचें नाहीं. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बॉरोमिओ ह्यांनीं, सांगणारा व ऐकणारा ह्यांच्यामध्यें जाळीचा पडदा असलेली लांकडी बैठक प्रचारांत आणली. चर्चमध्यें आजहि ती आपणांस दिसते.

ह्या विधीचे चार भाग मानतात : मनांत खरें दुःख होणें, पाप तोंडानें सांगणें, झालेल्या नुकसानीची भरपाई करणें, आणि धर्मगुरूच्या द्वारें क्षमा मिळणें. ह्यांपैकीं तिसरा भाग आपण लक्षांत ठेवावा. चोराचें पाप नुसत्या सांगण्यानें फिटत नाहीं. चोरलेली वस्तु धन्याला परत करावी लागते. निंदेनें कोणाचें नांव बुडविलें असेल, तर तें नांव शक्य तितकें वर काढावें लागतें. मीं हें वाचलें तेव्हां पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलों.

आतां हा विधि मराठी मुलखांत आला कसा, तें पाहूं. पोर्तुगीजांनीं १५१० मध्यें गोवें घेतलें आणि त्यांच्याबरोबर त्यांचा धर्म आला. मिस्सा लॅटिन भाषेंत होत असे. ऐकणाऱ्याला ती समजली नाहीं तरी विधि पुरा होई. उपदेश दुभाष्याकडून करवितां येई. परंतु साष्टींतली एखादी शेतकऱ्याची बायको गुडघे टेकून बसली आणि आपल्या मनांतलें सांगूं लागली, म्हणजे तेथें लॅटिनचा उपयोग नाहीं आणि पोर्तुगीजचाहि नाहीं. दुभाष्यामार्फत पाप सांगण्याची मोकळीक होती; पण शेजारच्या गांवच्या दुभाष्यापुढें आपल्या संसारांतलें पाप कोण उघडें करील? धर्माचें दुसरें कोणतेंहि कार्य परभाषेंत उरकतां येईल. कबुली तेवढी मायबोलींतच व्हावी लागते. गोव्यांत ह्या विधीला 'कुमसार' म्हणतात. शब्द मूळचा पोर्तुगीज. पण लोकांनीं तो आपल्या जिभेवर घोळवून असा कांहीं आपलासा केला कीं, आतां तो परका वाटत नाहीं.

लोकांची भाषा शिकणें पाद्र्यांना भाग पडलें, त्याचें हें एक मोठें कारण होय असें मला वाटतें. १६०६ मध्यें गोव्यास भरलेल्या पांचव्या प्रांतिक धर्मपरिषदेनें असें ठरविलें कीं, ज्याला देशभाषा येत नाहीं अशा धर्मगुरूकडे लोकवस्तीच्या चर्चचा कारभार असूं नये. फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचें कार्य ह्याच काळांतलें. १५४९ च्या सुमारास इंग्लंडांत जन्मलेला हा मनुष्य १५७९ मध्यें गोव्यास आला आणि १६१९ मध्यें मृत्यु येईपर्यंत येथेंच राहिला. त्यांचें 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्यें रायतूर येथें छापलें गेलें, आणि त्यांत त्यांनीं केलेली मराठीची स्तुति शाळेंत शिकलेल्या प्रत्येकाच्या कानांवरून गेली आहे. कोंकणी भाषेंतील त्यांची ख्रिस्ती धर्मतत्त्वांची प्रश्नोत्तरावली १६२२ मध्यें व व्याकरण १६४० मध्यें, म्हणजे त्यांच्या पश्चात्, प्रसिद्ध झालें. हिंदुस्थानांतील भाषेचें हें पहिलें छापील व्याकरण समजतात. व्याकरणाकडे आपण पंडिताचें शास्त्र म्हणून पाहतों. पण त्या व्याकरणाच्या पाठीमागें मला खाली मान घालून बोलणारा एक खेडूत आणि त्याचा शब्द न् शब्द समजावा म्हणून धडपडणारा एक परदेशी दिसतो.

त्याच काळांतील एतिएन द ला क्र्वा ह्या फ्रेंच जेझुइटाचें नांव आपल्याकडे फारसें कोणी घेत नाहीं. त्यांनीं संत पीटर ह्याच्या चरित्रावर मराठी ओव्यांत एक मोठें पुराण रचलें, व तें १६२९ मध्यें गोव्यास छापलें गेलें. पीटर हा ख्रिस्ताचा पट्टशिष्य. परंतु गुरूला पकडून नेलें त्या रात्रीं, अंगणांतल्या शेकोटीशीं बसला असतां, 'मी त्याला ओळखत नाहीं' असें तो तीन वेळां म्हणाला. मग कोंबडा आरवला आणि तो बाहेर जाऊन रडला. जो भ्याला, जो खोटें बोलला, त्यालाच पुढें मंडळीचा आधारस्तंभ केलें, ह्यांत त्या धर्माचें मर्म आहे. मराठी ओवी त्या काळीं देवांच्या व वीरांच्या कथा गात होती. तिच्यांत एका चुकलेल्या कोळ्याच्या पश्चात्तापाला जागा मिळाली, हें आमच्या वाङ्मयाच्या इतिहासांत नोंदण्यासारखें आहे.

ह्या चित्राची दुसरी बाजू झांकून ठेवणें बरोबर होणार नाहीं. १५६० मध्यें गोव्यांत इन्क्विझिशन, म्हणजे धर्मसमीक्षेचें न्यायासन, स्थापन झालें, आणि मधलीं थोडीं वर्षें सोडतां तें १८१२ पर्यंत चाललें. नव्यानें ख्रिस्ती झालेल्या लोकांनीं जुने आचार गुप्तपणें पाळले, हा तेथील मोठा अपराध. १७३६ च्या जाहीरनाम्यानें घराशीं तुळस लावण्यासारख्या गोष्टीहि निषिद्ध ठरविल्या. शार्ल देलों नांवाचा एक फ्रेंच वैद्य ह्या न्यायासनाच्या तुरुंगांत होता. १६७६ मध्यें त्याला शिक्षा झाली. पुढें सुटून गेल्यावर १६८७ मध्यें त्यानें आपली हकीगत प्रसिद्ध केली. तींतली एक गोष्ट अंगावर कांटा आणते. कैद्याला त्याच्यावरील आरोप सांगत नसत. त्यालाच म्हणत, 'तूं आपलें अंतःकरण शोध आणि काय केलेंस तें कबूल कर.' त्या एकांतांत निराश होऊन देलों ह्यानें स्वतःचा जीव घेण्याचा प्रयत्नहि केला.

शब्द तोच. चर्चमधील जाळीच्या पडद्याआड जो शब्द मनुष्याला हलकें करीत होता, तोच शब्द न्यायासनापुढें फांसासारखा झाला. एका ठिकाणीं मनुष्य आपण होऊन येतो, त्याचें बोलणें गुप्त राहतें आणि शेवटीं त्याला क्षमा मिळते. दुसऱ्या ठिकाणीं त्याला ओढून आणतात, त्याचें बोलणें कागदावर उतरतें आणि शेवटीं त्याला शिक्षा मिळते. भाषेचीहि गति तशीच झाली. ज्या देशभाषेसाठीं व्याकरण रचलें, तिचा वापर सोडून पोर्तुगीज बोलावें असा हुकूम १६८४ मध्यें व्हाइसरॉयानें काढला आणि त्यासाठीं लोकांना तीन वर्षांची मुदत दिली. ऐकण्याची इच्छा संपली, म्हणजे दुसऱ्याची भाषा शिकण्याची गरजहि संपते.

भीतीनें काढलेली कबुली खरी नव्हे, हें आमच्या कायद्यानेंहि मान्य केलें आहे. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें पोलीस अधिकाऱ्यापुढें दिलेली कबुली आरोपीविरुद्ध शाबीत करतां येत नसे. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागीं भारतीय साक्ष्य अधिनियम आला. परंतु हें तत्त्व कायम राहिलें. शाळामास्तरासाठीं मात्र असा कायदा कोणी केला नव्हता. माझ्या टेबलामागें मींहि एक लहानसें न्यायासन मांडलें होतें, आणि आरोप करणारा, तपास करणारा, शिक्षा देणारा असा मी एकटाच होतों.

आतां गोवें सोडून आपल्या सावित्री नदीकडे येऊं. महाबळेश्वरीं उगम पावून सावित्री पोलादपूर व महाड ह्यांवरून वाहत जाते आणि बाणकोटापाशीं समुद्राला मिळते. अठराव्या शतकाच्या मध्यापासून बाणकोटचा किल्ला इंग्रजांकडे होता व त्याला त्यांनीं फोर्ट व्हिक्टोरिया असें नांव दिलें होतें. ह्या बाणकोटास आणि जवळच्या हर्णैस १८२३ पासून स्कॉटलंडचे मिशनरी येऊन राहिले. डोनाल्ड मिचेल हे त्यांतील पहिले; ते त्याच वर्षीं वारले. त्यांच्या मागून जेम्स मिचेल, क्रॉफर्ड, कूपर, स्टीव्हन्सन हे आले. पुढें मुंबईंत ज्यांच्या नांवाचें कॉलेज झालें, ते डॉ. जॉन विल्सन १८२९ मध्यें हिंदुस्थानांत उतरल्यावर मराठी शिकण्यासाठीं प्रथम ह्याच किनाऱ्यावर राहिले. त्या लोकांनीं शाळा काढल्या; धर्मांतर करणारे फार थोडे निघाले; आणि लवकरच त्यांच्या कार्याचें ठिकाण पुणें-मुंबईकडे गेलें.

हे मिशनरी प्रॉटेस्टंट पंथाचे होते. १५१७ मध्यें मार्टिन ल्यूथर ह्यानें पैसे घेऊन पापमुक्तीचीं पत्रें विकण्याच्या चालीविरुद्ध आवाज उठविला, तेव्हांपासून ह्या पंथाची वाट निराळी झाली. खासगी पापनिवेदन ल्यूथरला उपयुक्त वाटे, पण त्याची सक्ति त्यास मान्य नव्हती. पुढें ह्या पंथांत धर्मगुरूच्या कानांत बोलण्याची चाल बहुतेक मागें पडली. मनुष्यानें देवापुढें उभें राहावें, सर्व मंडळीनें एकत्र प्रार्थनेंत पाप कबूल करावें, आणि ज्याचा अपराध केला त्याच्याकडे स्वतः जावें, असा परिपाठ झाला. म्हणजे जाळीचा पडदा गेला. पडदा जाण्यानें कबुली सोपी झाली, असें मात्र कोणी समजूं नये. गुप्ततेचा आश्रय गेला कीं लोकांचें तोंड समोर येतें.

लोकांचें तोंड किती भयंकर असतें, हें बाबा पदमनजी ह्यांच्या चरित्रावरून दिसतें. १८३१ मध्यें बेळगांवास जन्मलेले बाबा मुंबईंत मिशनच्या शाळेंत शिकले. १८४९ च्या सुमारास तेथें परमहंस सभा स्थापन झाली. तिचे सभासद जातिभेद मोडण्याच्या शपथा घेत, पण गुप्तपणें घेत. बाबा त्या सभेंत होते. मनाला पटलेलें उजेडांत बोलावयाचें नाहीं, हा त्या सभेचा दोष होता, आणि सभासदांचीं नांवें बाहेर फुटण्याच्या भयानें ती पुढें १८६० च्या सुमारास मोडली. बाबांनीं १८५४ मध्यें बेळगांवास बाप्तिस्मा घेतला. विधवांच्या दुःखावरील त्यांचें 'यमुनापर्यटन' १८५७ चें. तें सर्वांस ठाऊक आहे. पण १८८८ मध्यें प्रसिद्ध झालेलें त्यांचें 'अरुणोदय' हें आत्मचरित्र माझ्या विषयाला अधिक जवळचें आहे. मराठी मनुष्यानें आपल्या अंतःकरणाचा प्रवास, त्यांतील शंका, भय आणि चालढकल ह्यांसह, छापून लोकांपुढें ठेवावा, ही त्या काळीं नवी गोष्ट होती. ख्रिस्ती पापनिवेदनाच्या संवयीनें मराठी आत्मचरित्राला जें दिलें, त्याचा हिशेब अजून कोणी नीट मांडावयाचा आहे.

ह्या परंपरेंतील सर्वांत हृदयस्पर्शी प्रसंग मात्र पंडिता रमाबाईंच्या केडगांवच्या मुक्तिसदनांत घडला. रमाबाईंनीं १८८३ मध्यें इंग्लंडांत बाप्तिस्मा घेतला, १८८९ मध्यें मुंबईस शारदा सदन काढलें आणि पुढच्या वर्षीं तें पुण्यास नेलें. १८९६-९७ च्या आणि १९०० च्या दुष्काळांत मध्यप्रांत व गुजराथ येथून त्यांनीं उपाशी मुलींना व बायकांना आणून केडगांवीं आश्रय दिला. एके काळीं तेथील संख्या सुमारें दोन हजारांवर गेली होती. १९०५ च्या जानेवारींत रमाबाईंनीं रोज पहाटे प्रार्थनेला येणाऱ्या मुलींना बोलाविलें, तेव्हां सत्तर जणी आल्या. जूनपर्यंत ती संख्या साडेपांचशेंच्या घरांत गेली. जूनच्या अखेरीस एका सकाळीं रमाबाई नेहमींच्या शांत रीतीनें शास्त्र समजावून देत असतां मुली मोठ्यानें रडूं लागल्या आणि आपापलीं पापें बोलूं लागल्या. रमाबाईंना आपलें निरूपण थांबवावें लागलें. पुढें कित्येक दिवस शाळेचे वर्ग बाजूस राहिले आणि प्रार्थना व कबुली हीच शाळा झाली.

ह्या आक्रोशावर त्या काळींहि टीका झाली, आणि ती सर्वस्वीं अकारण होती असें मी म्हणणार नाहीं. मुलांच्या समुदायांत रडणें संसर्गजन्य असतें, हें कोणत्याहि शिक्षकाला ठाऊक आहे. परंतु त्या मुली कोण होत्या, ह्याचा विचार करावा. दुष्काळांत ज्यांचे आईबाप डोळ्यांदेखत गेले, ज्यांना रस्त्यावर काय काय सोसावें लागलें असेल त्याची कल्पनाच केलेली बरी, ज्यांना 'तुझ्या मनांत काय आहे?' असें कोणी विचारलेंच नव्हतें, त्या मुली आपल्या भाषेंत, आपल्या तोंडानें, 'माझें चुकलें' असें म्हणत होत्या. चूक माझी असें म्हणावयालाहि आधीं 'मी' असावा लागतो. तो 'मी' त्यांना तेथें मिळाला.

रमाबाईंनीं स्वतःला ह्यांतून वगळलें नाहीं. १९०७ च्या आपल्या आत्मनिवेदनांत त्यांनीं मोकळेपणानें लिहिलें कीं, बाप्तिस्मा घेऊन आठ वर्षें झालीं तरी आपल्याला ख्रिस्ती धर्म सांपडला होता, ख्रिस्त सांपडला नव्हता. ज्या बाईची विद्वत्ता साऱ्या हिंदुस्थानानें वाखाणली, तिनें हें लिहिणें लहान गोष्ट नव्हे. आयुष्याच्या उत्तरार्धांत त्यांनीं हिब्रू व ग्रीक ह्या मूळ भाषांवरून बायबलाचें मराठी भाषांतर केलें, तेंहि साध्यासुध्या बायकांना समजावें म्हणून सोप्या मराठींत. त्याचे खिळे मुक्तिसदनाच्या छापखान्यांत तेथल्याच मुलींनीं जुळविले. १९२२ मध्यें रमाबाई वारल्या आणि १९२४ मध्यें तो ग्रंथ बाहेर पडला. स्टीफन्सच्या व्याकरणानंतर तीन शतकांनीं पुन्हां तीच गोष्ट दिसते : अंतःकरण उघडावयाचें, तर आधीं भाषा जवळची पाहिजे.

श्रोतेहो, मी महाडच्या मुलखांतला आहें, तेव्हां महाडची एक गोष्ट सांगितल्यावांचून हा विषय मला पुरा करतां येत नाहीं. ती ख्रिस्ती धर्माची नव्हे, कबुलीची मात्र आहे; कबुली टाळण्याची आहे. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारों अनुयायांसह चवदार तळ्याचें पाणी प्याले. तळें अस्पृश्यांस मोकळें करण्याचा ठराव नगरपालिकेनें तीन वर्षांपूर्वींच केला होता. पाणी प्यालेल्या लोकांना गांवांत मारहाण झाली. आणि त्यानंतर कांहीं लोकांनीं मंत्र म्हणून, पंचगव्य ओतून त्या तळ्याचीच शुद्धि केली. पाप कोणाचें होतें आणि धुतलें काय गेलें! पाण्याला न्याय मिळावयास १७ मार्च १९३७ चा हायकोर्टाचा निकाल यावा लागला. आपल्या दोषाकडे पाहावयाचें नसलें म्हणजे मनुष्य दुसरें कांहीं तरी शुद्ध करूं लागतो. मीं नाहीं का 'पैसे मिळाले' असें सांगून हिशेब शुद्ध केला?

एवढा इतिहास वाचून मला जें कळलें, तें थोडक्यांत सांगतों. कबुली ही मागून घेण्याची वस्तु नाहीं. ती देण्याची आहे. ती ज्याची त्यानें, स्वखुशीनें आणि स्वतःच्या शब्दांत द्यावी लागते. आणि ती देवाच्या कानांत सांगून भागत नाहीं. ज्याचें नुकसान झालें त्याच्या दारापर्यंत तिला चालत जावें लागतें.

गेल्या वर्षीं घाटांतल्या एका चहाच्या दुकानापाशीं तो मुलगा मला भेटला. मुलगा कसला, पन्नाशीकडे झुकलेला गृहस्थ. स्वतःचा टेंपो चालवितो. त्यानें ओळखून पायां पडावयास हात खालीं नेला, तो मीं धरला आणि उभ्या उभ्या त्याला सर्व सांगितलें. तो कांहीं वेळ रस्त्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "गुरुजी, छड्या तर सगळ्यांनींच खाल्ल्या तुमच्या हातच्या. त्याचं कांहीं नाहीं. पण त्या रात्रीं बाबांनीं मला जेवूं दिलं नाहीं. मी सांगत होतों, मीं नाहीं घेतले. तर ते म्हणाले, गुरुजींपुढें कबूल केलंस ना? मग आतां खोटं कशाला बोलतोस?"

त्याचे वडील आतां नाहींत. त्यांची समजूत घालणें माझ्या हातून राहून गेलें, तें राहूनच जाणार. "मी आतां काय करूं?" असें मीं त्याला विचारलें. त्यानें चहाचे पैसे मला देऊं दिले नाहींत. टेंपोंत चढतांना एवढेंच म्हणाला, "तेव्हां वर्गांत सांगितलं असतंत, तर बरं झालं असतं."

तो वर्ग आतां एका खोलींत भरणार नाहीं. त्यांतलीं कांहीं मुलें मुंबईस आहेत, कांहीं सुरतेस, कांहीं पुण्यास. दोघे-तिघे ह्या जगांत नाहींत. कोण कोठें ऐकत असेल, हें मला ठाऊक नाहीं. म्हणून मीं हें भाषण करावयाचें ठरविलें. त्या मुलाचें नांव मी घेत नाहीं. त्याच्या वर्गांतल्यांना तें आठवत असेल. त्यांना मला सांगावयाचें आहे कीं, ते पंचवीस रुपये त्यानें घेतले नव्हते. ते माझ्या हजेरीपटांत होते.